दोन ते आठ अंश

नव्वदीपुढच्या माणसांचं रक्त उपाशीपोटी घ्यायचं असतं,
म्हणून मी सातलाच घोडपदेवला पोचते.
खांद्याला निळा डबा, आत बर्फाच्या विटा,
डब्यावर माझ्याच अक्षरात : दोन ते आठ अंश.

धाकू शिगवण. वय शहाण्णव, किंवा अठ्ठ्याण्णव.
आई म्हणायची, लावणीच्या दिवसांत झालास;
कुठल्या सालच्या, ते सांगायचं राहिलं.
उंची चार फूट दहा.
वजन एकोणचाळीस, बंडीसकट.

शीर सापडत नाही.
मी टिचकी मारते, मनगट उलटं करते,
गरम फडकं ठेवून बसून राहते.
"सावकाश," ते म्हणतात, "आमचं सगळंच सावकाश.
शिमग्यात खरचटलं तर भरायला गणपती."

मग बॉयलर.
माझगावच्या गोदीत साहेबानं रांगेतून उचललं
ते बुटके म्हणूनच.
आत शिरायचं भोक हे एवढं.
थोरले दोघे भाऊ धिप्पाड, खांद्यात अडकायचे.
धाकू सरपटत आत, हातोडी आणि मेणबत्ती घेऊन,
दिवसभर भिंतीवरचा क्षार ठोकत.
पोलीस भरतीत दोनदा नापास झालेली छाती
लोखंडाच्या पोटात बरोब्बर मावली.

"बाय, जे बॉयलर धडाडून पेटवले
ते वीस वर्षांत भंगारात.
एक टग होता, अर्ध्या वाफेवर चालायचा.
सगळे हसायचे.
त्याला मोडायला आलेला कंत्राटदार आधी गेला."

थोरला बावन्नाव्या वर्षी, मधला साठी गाठून.
दोघांच्या तसबिरी भिंतीवर उंच लावल्यात.
हार घालायला धाकूंना स्टूल लागतं.

परळला सरनोबत बाई कागद माझ्यापुढे सरकवतात :
वाढीचं संप्रेरक,
आणि त्याच्या हुकमानं यकृतातून निघणारं ते दुसरं,
दोन्ही तळाशी. थायरॉईडही रेंगाळलेलं.
"चाळिशीत हा रिपोर्ट आला असता, तर औषध लिहिलं असतं.
शंभरीच्या उंबऱ्यावर मात्र वाटतं,
'वाढ, वाढ' म्हणणारा आवाज ज्यांच्यात हळू
तेच मागे उरतात. कदाचित."
त्या 'कदाचित'वर पेन ठेवतात आणि चहा मागवतात.

रात्री भांडुप.
फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीमागे निहारची इंजेक्शनं,
खोक्यावर छापलेलं : दोन ते आठ अंश.
अकरा वर्षांचा आहे. प्रार्थनेच्या रांगेत पहिला,
वर्गाच्या फोटोत पाटी धरून खाली बसलेला.
चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघा
एकमेकींना चिकटल्यात.
खेळायला घेतात का, मी विचारत नाही.
तोही काही सांगत नाही.
साडेनऊला, आज डावी मांडी.
तो डोळे मिटतो, मी दहापर्यंत मोजते,
कधी अकरापर्यंत.

बाईंना विचारलं होतं मी.
म्हणाल्या, पोराचं गणित वेगळं, म्हाताऱ्याचं वेगळं,
गल्लत करू नकोस.
नाही करत.
फक्त सुई एकच असते हातात,
सकाळी काढायची आणि रात्री भरायची,
आणि कधी झोपेत दिशा चुकते.

परवा धाकू म्हणाले, "तुझा झील केवढा?"
मी हवेत हात धरला,
होता त्याहून बराच वर.
ते खाटेवरून उतरले,
एक हात भिंतीला, एक माझ्या डब्याला,
आणि माझ्या पंजाखाली येऊन उभे राहिले.
"एवढा होय? मग झाला की माझ्याएवढा."

टाळू गार होती, बर्फाइतकी नाही.
हात मी लगेच काढला नाही.
नळीवर वेळ लिहायची राहिली.